ना ज्यू, ना पारशी. मग हा विषय कशाला?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दिवाणी वकिली करतो. मुलगी पुण्यात संस्कृत घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.ए. करायचे आणि मग नेट किंवा बी.एड., असे ठरले होते. पण वर्गात ऋग्वेदाच्या जोडीने अवेस्ताच्या, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथाच्या, थोड्या ओळी वाचल्या आणि तिचा सूरच बदलला. प्राचीन इराणी साम्राज्यातल्या ज्यू धर्माचा अभ्यास करायचा, त्यात परदेशात डॉक्टरेट करायची, असे म्हणते. आम्ही ना ज्यू, ना पारशी. असा विषय खरोखर आहे का? त्यावर पोट भरेल का? आणि सध्याच्या बातम्या बघता मुलीला तिकडे पाठवावे का? – एक पालक

उत्तर :

वकीलसाहेब, विषय खरा आहे आणि चांगला जुना आहे. पोटाचे उत्तर लांबलचक आहे, ते पुढे देतो. आधी मुलीच्या डोक्यात काय शिरले आहे ते तुमच्याच धंद्याच्या भाषेत सांगतो, म्हणजे घरातले बोलणे सोपे होईल.

इजिप्तमध्ये आस्वानजवळ नाईल नदीत एलिफंटाइन नावाचे बेट आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात इजिप्तवर इराणच्या हखामनी सम्राटांचे राज्य होते आणि या बेटावर त्यांच्या पदरी असलेल्या ज्यू शिपायांची वस्ती होती. त्यांचे स्वतःचे देऊळ होते. इ.स.पू. ४१० मध्ये शेजारच्या ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी स्थानिक इराणी अधिकाऱ्याला हाताशी धरून ते पाडले. तीन वर्षांनी, इ.स.पू. ४०७ मध्ये, या लोकांनी यहुदाच्या, म्हणजे जेरुसलेमभोवतालच्या प्रांताच्या, इराणी सुभेदाराकडे अर्ज केला : देऊळ पुन्हा बांधायची परवानगी मिळावी. अर्ज त्या साम्राज्याच्या कारभाराच्या अरामाईक भाषेत, पपायरसवर. त्याच्या एक नव्हे, दोन प्रती सापडल्या आहेत. त्यावर मिळालेल्या उत्तराची टिपणीही हाती आहे : बांधा, धान्याचा नैवेद्य आणि धूप चालू द्या. अर्जात पशुबळीचाही उल्लेख होता, उत्तरात तो नाही. का नाही, यावर शंभर वर्षे वाद चालू आहे. जेरुसलेमच्या पुरोहितांना दुसरीकडे बळी दिलेला चालत नव्हता म्हणून, की अग्नीला मृत देहाचा स्पर्श होऊ नये या इराणी भावनेमुळे? हुकमात काय लिहिले यापेक्षा काय गाळले हे वाचायची सवय तुम्हाला आहेच.

हखामनी सम्राट सायरसने बॅबिलॉन घेतले इ.स.पू. ५३९ मध्ये. इस्लामपूर्व इराणचे शेवटचे राजघराणे, सासानी, पडले इ.स. ६५१ मध्ये. मधला सिकंदर आणि त्याच्या वारसांचा काळ सोडला, तर या जवळजवळ बाराशे वर्षांत बॅबिलोनियातले ज्यू इराणी राजांच्या छत्राखालीच राहिले. बायबलच्या यशया ग्रंथात सायरसला चक्क देवाचा अभिषिक्त म्हटले आहे. आणि ज्यू धर्माचा कणा मानला जाणारा बॅबिलोनियन तालमूद, म्हणजे धर्म आणि कायद्याच्या चर्चेचा ग्रंथ, घडला तो सासानी काळात, सूरा आणि पुम्बेदितासारख्या ठिकाणच्या विद्यापीठांत. तिथून सासानी राजधानी काही फार लांब नव्हती.

तालमूदचे एक उदाहरण तुम्हाला नक्की आवडेल. शेतजमीन वा घर तीन वर्षे विनातक्रार ताब्यात असेल, तर खरेदीखत हरवले तरी कब्जेदाराचा मालकीचा दावा ऐकावा, असा ज्यू कायद्याचा दंडक होता. पण ‘बावा बात्रा’ या भागात राजाचा कायदा तोच कायदा, असे सांगून लगेच पुढे नोंद येते की इराण्यांची वहिवाट चाळीस वर्षांची. आपल्याकडे प्रतिकूल कब्जाला बारा वर्षे लागतात, तुम्हाला मी काय सांगणार! म्हणजे त्या रब्बींना, ज्यू धर्मपंडितांना, एकाच जमिनीवर दोन कायदे सांभाळावे लागत होते. मग त्यांना इराणी कायदा कितपत माहीत होता? इराणी न्यायालयांत ते जात होते का? हे तालमूद एकटा वाचून कळत नाही. इराण्यांच्या बाजूची कागदपत्रे लागतात.

आणि ती कुठे आहेत? सासानी कायद्याचा एकच मोठा ग्रंथ उरला आहे, ‘मादयान-ए-हजार दादेस्तान’, म्हणजे हजार निवाड्यांचे पुस्तक. तो सातव्या शतकात फर्रुखमर्द नावाच्या माणसाने जुळवला. वारसा, गहाण, जामीन, दत्तक, गुलाम, अग्निमंदिरांच्या इनामी मिळकती, सगळे त्यात आहे. त्याचे एकच हस्तलिखित जगात शिल्लक राहिले आणि ते दोन तुकड्यांत मुंबईच्या पारशी विद्वानांच्या हाती आले. एक तुकडा जीवनजी जमशेदजी मोदी यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केला, तो पुण्यात छापून. दुसरा अंकलेसरियांनी त्यानंतर मुंबईत. आज बर्लिनमध्ये बसून कोणी सासानी कायदा वाचतो तो याच पानांवरून. अवेस्ताचीही तीच कथा : जुन्यातल्या जुन्या हस्तलिखितांपैकी दोन १३२३ मध्ये गुजरातेत खंबायतला उतरवलेली आहेत. तेव्हा ‘आपला काय संबंध’ हा प्रश्न तुमच्या मुलीला विचारताना जरा जपून.

आता माझे मत. या विषयात शिरायच्या दोन वाटा आहेत. एक ज्यू बाजूची : हिब्रू, तालमूद, रब्बींचे वाङ्मय. त्या वाटेवर तुमच्या मुलीची स्पर्धा लहानपणापासून तालमूदच्या पाठशाळेत बसलेल्या मुलांशी आहे. विशीत सुरुवात करून त्यांना गाठणे फार कठीण. दुसरी वाट इराणी बाजूची : अवेस्ताची भाषा, हखामनींची जुनी फारसी आणि सासानी काळातली पहलवी. तिथे ती रिकाम्या हाताने जात नाही. वैदिक संस्कृत आणि गाथांची, म्हणजे अवेस्तातल्या सर्वांत जुन्या भागाची, भाषा या इतक्या जवळच्या भाषा आहेत की व्याकरणाचा अर्धा डोंगर तिने आधीच चढलेला आहे. युरोपातल्या विद्यार्थ्याला त्यासाठी दोन वर्षे वेगळी घालवावी लागतात. शिवाय तालमूद उत्तम जाणणारे पुष्कळ आहेत, पहलवी वाचणारे मूठभर. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठातले याकोव्ह एल्मन (ते २०१८ मध्ये वारले) तालमूदचे मुरलेले अभ्यासक होते. इराणी बाजू समजल्याशिवाय पुढे सरकता येत नाही म्हणून ते हार्वर्डला जाऊन विद्यार्थ्यासारखे पहलवी शिकले, आणि आजच्या या शाखेला वेग आला तो बराचसा त्यांच्यामुळे. जेरुसलेमचे शाऊल शाकेद मात्र पहिल्यापासूनच दोन्ही बाजूंचे अभ्यासक. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : मुलीने इराणी भाषांतली तज्ज्ञ व्हावे आणि ज्यू ग्रंथ हे आपले दुसरे क्षेत्र ठेवावे. नोकरीच्या दृष्टीनेही हेच बरे, कारण इराणी भाषा जाणणाऱ्याला भाषाशास्त्र, धर्माभ्यास, हस्तलिखिते अशी आणखी दारे उघडी असतात.

अरामाईकला मात्र फाटा देता येणार नाही. ती तालमूदची भाषा आहे म्हणून तर नाहीच, आणि पहलवीसाठीही नाही. पहलवी लिपी हा एक विचित्र प्रकार आहे. अक्षरे इतकी थोडी की एकेक अक्षर दोन-तीन उच्चारांचे काम करते, आणि कितीतरी शब्द लिहायचे अरामाईक, वाचायचे फारसी. कागदावर ‘मलका’, तोंडात ‘शाह’. पहिले सहा महिने हे वाचताना भल्याभल्यांना रडू येते. मुलीला ही गोष्ट आत्ताच सांगून ठेवा.

तिने लगेच परदेशाची स्वप्ने पाहू नयेत. आधी दोन वर्षांचे एम.ए. संस्कृतच करावे, वैदिक शाखा घेऊन, आणि त्याच्या जोडीला हे सगळे. जर्मन आत्ता सुरू करावी, रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्स म्यूलर भवन, जे वेळापत्रकात बसेल ते. इराणी भाषांवरचे निम्मे चांगले लेखन जर्मनमध्ये आहे, तेव्हा हा छंद नव्हे, अट आहे. बायबलची हिब्रू पुण्यातच ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थांत शिकवतात. बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्गात बसू देतात का, हे तिने स्वतः जाऊन विचारावे. फोनवर विचारले तर बहुधा नाही म्हणतील. तालमूदचा मूळ मजकूर इंग्रजी भाषांतरासह ‘सेफारिया’ या संकेतस्थळावर फुकट आहे. आणि मुंबईत फोर्टमध्ये के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे, १९१६ ची, जिथे अवेस्ता-पहलवीची हस्तलिखिते आणि पुस्तके आहेत. एखाद्या सुट्टीत तिथे आठवडाभर बसू द्या. लायडन विद्यापीठ दरवर्षी जुलैमध्ये भाषांची उन्हाळी शाळा भरवते, तिथे इराणी भाषाही असतात. दुसऱ्या वर्षी झेपले तर तिथे जावे.

या दोन वर्षांत एक गोष्ट आपोआप कळेल : तिला हा विषय आवडतो की या विषयाची कल्पना आवडते. समाजमाध्यमांवर सायरस, सैतान, देवदूत, पुनरुत्थान यांबद्दल फार चमकदार लिहिलेले असते. ज्यूंनी सगळे इराण्यांकडून घेतले, असे ठोकून दिलेले असते. प्रत्यक्षात पहलवीतले बरेचसे धर्मग्रंथ आज दिसतात त्या रूपात नवव्या शतकात, म्हणजे इस्लाम आल्यानंतर, लिहून झाले. त्यातली कल्पना हजार-दीड हजार वर्षे मागे नेऊन बायबलशी जोडायची, तर पुरावा लागतो. तो कधी मिळतो, कधी अर्धवट मिळतो, बऱ्याचदा मिळत नाही. तालमूद आणि पहलवी यांची साम्ये जरा जास्तच उत्साहाने शोधली जातात, अशी टीका या शाखेतलेच लोक करतात आणि ती अगदीच चुकीची नाही. ज्याला ‘सिद्ध झाले नाही’ हा निकाल पचत नाही त्याने इथे येऊ नये. वकिलाच्या घरातल्या मुलीला ते जमायला हरकत नाही.

आणखी एक काटा आहे. या क्षेत्रातले काही महत्त्वाचे साहित्य चोरबाजारातून आलेले आहे. बॅबिलोनियातल्या ज्यू वस्तीच्या, अल-याहुदू या गावाच्या क्यूनिफॉर्म (खिळ्यांसारख्या लिपीतल्या) मातीच्या पाट्या २०१४ मध्ये ग्रंथरूपाने छापून आल्या, पण त्या कुठून खणून काढल्या याचा पत्ता नाही. उंबऱ्याखाली पालथी पुरलेली अरामाईक मंत्रांची मातीची भांडी, ज्यांवर गिऱ्हाइकांची नावे कितीदा फारसी असतात, त्यांतलीही पुष्कळ अशीच. काही नियतकालिके असले साहित्य छापत नाहीत. प्रबंधाचा विषय निवडताना हे आधी विचारायचे असते. नवखी मुले विचारत नाहीत आणि तिसऱ्या वर्षी अडकतात.

आता पैसे. भारतात या नावाची प्राध्यापकी मिळणार नाही, ही आशा सोडूनच द्या. परदेशातही वर्षाला निघणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांसाठी जगभरचे अर्ज. डॉक्टरेटनंतर पाच-सहा वर्षे एका शहरातून दुसऱ्या शहरात दोन-दोन वर्षांच्या नेमणुकांवर फिरावे लागते. लग्न, घर हे सगळे त्या तारखांवर ठरते. हे कळूनही जी जाते ती जाते.

डॉक्टरेटच्या काळात मात्र तुमच्या खिशातून पैसे जाता कामा नयेत. अमेरिकेतली चांगली विद्यापीठे फी माफ करून विद्यावेतन देतात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही आणि प्रकल्पांवर पगारी जागा असतात. पहलवीचा मोठा डिजिटल कोश आणि ग्रंथसंग्रह तयार करण्याचे काम बोखुम, बर्लिन, कोलोन आणि जेरुसलेम मिळून करत आहेत. अशा कामांना लिपी वाचता येणारी आणि संगणकाला न घाबरणारी माणसे लागतात. लंडनच्या सोआस या विद्यापीठात मुंबईच्या शापूरजी पालनजी उद्योगसमूहाच्या देणगीतून २०१८ मध्ये झरथुष्ट्री अभ्यासाची संस्था उभी राहिली, तिथल्या शिष्यवृत्त्यांवर लक्ष ठेवावे. इंग्लंडातले एक वर्षाचे एम.ए. मात्र शिष्यवृत्ती असेल तरच. जमीन गहाण टाकून हे करू नका. जे. एन. टाटा एंडाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे, पण कर्ज ते कर्जच.

पायाखालची फरशी म्हणून नेट सोडायची नाही. संस्कृतमधून द्यावी, आणि जमल्यास जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, काढावी. २०२३ पासून तिचे महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. परदेशी अर्ज फसले, तर वेद-अवेस्ता तुलनेवर पुण्यात संशोधन करता येते, आणि पुढे संस्कृतची प्राध्यापकी आहेच. तुम्ही मुळात ठरवलेला रस्ता यात कुठेच बंद होत नाही.

राहिली सुरक्षेची काळजी. या विषयासाठी इराणला जावेच लागते असे नाही. ग्रंथ आणि पपायरस लंडन, बर्लिन, कोपनहेगन, न्यूयॉर्क आणि मुंबईत विखुरलेले आहेत. जेरुसलेमचे हिब्रू विद्यापीठ या विषयाचे जुने घर आहे, पण परिस्थिती पाहून तिथे एखादे सत्र पुढे करता येईल. सुरुवात तिथूनच करायला हवी असे कोणी सांगत नाही.

अमेरिकेचे अर्ज साधारण डिसेंबरमध्ये बंद होतात, आणि त्यासाठी तीन शिफारसपत्रे आणि लेखनाचा एक नमुना लागतो. म्हणजे एम.ए.चे दुसरे वर्ष सुरू होईपर्यंत तिच्या हातात वीसेक पानांचा एक नेटका निबंध हवा. विषय तिने निवडावा. पण वहिवाटीचा तीन वर्षे आणि चाळीस वर्षांचा पेच घेतला, तर पहिला मसुदा तपासायला घरात माणूस आहे.