धसका होतो, बसतो की घेतात?

नेरुळच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या मुलीने निबंधात ‘फटाका फुटला आणि मला धसका झाला’ असं लिहिलं, तर बाईंनी खाली लाल रेघ मारली. यात चुकलं काय? आणि धसका हा शब्द दहशतीवरून, म्हणजे फारसीतून आलाय का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. दहशत मूळची अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेली. अरबीत त्या शब्दाचा अर्थ थक्क होणं, भांबावून जाणं. भीतीचा रंग त्याला पुढे चढला. धसका मात्र आपल्या कानांनी घडवलेला शब्द आहे. छातीत ‘धस्स’ होतं, त्या धसला ‘का’ लागला. शेतात कापणीनंतर उरतं ते धसकट वेगळं, त्याची इथे सरमिसळ नको.

हा ‘का’ मला फार आवडतो. झट-झटका, फट-फटका, चट-चटका, दण-दणका, ठस-ठसका, दच-दचका. आवाज घ्यायचा, ‘का’ लावायचा, की त्या आवाजाचा एकच तडाखा हातात येतो. म्हणून यातली बहुतेक भावंडं ‘बसतात’: फटका बसतो, चटका बसतो, दचका बसतो. (ठसका तेवढा लागतो.) धसकाही बसतो. इथपर्यंत तो घरच्या रीतीनेच वागतो.

पण मराठीने त्याला आणखी एक क्रियापद दिलं, ‘घेणे’. फटका किंवा दणका कुणी घेत नाही, तो खावा लागतो. धसका माणूस घेतो, आणि घेतला की सोडत नाही. भीती क्षणात आली, पण मुक्कामाला राहिली, हे एवढ्या दोन शब्दांत सांगणारी दुसरी सोय मला तरी मराठीत दिसत नाही. ‘हाय खाणे’ जवळ येतं, पण त्यात खचणं जास्त, भीती कमी. २६ जुलै २००५ च्या पावसात अडकलेली माणसं आमच्या ठाण्यात आजही भेटतात. आभाळ भरून आलं की ती ऑफिसातून लवकर निघतात. त्यांनी पावसाचा धसका घेतलाय. त्यांना पावसाची धास्ती वाटते असंही म्हणता येईल, पण मग रोख बदलतो: धास्ती पुढे काय होईल याची, धसका होऊन गेलेल्याचा. दहशत तर बहुधा कुणाची तरी असते, गल्लीतल्या गुंडाची नाहीतर बिबट्याची. धडकी भरते, तीही ‘धड’ या आवाजातूनच आलेली, पण ती फार काळ टिकत नाही.

कधी हा शब्द जीवही घेतो. ‘मुलाच्या अपघाताच्या धसक्यानेच म्हातारा गेला’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. तिथे दचका किंवा धडकी घालून पाहा, वाक्य उभंच राहत नाही.

तेव्हा ताई, बाईंची रेघ बरोबर आहे. होतं ते धस्स, धसका नव्हे. ‘फटाका फुटला आणि माझ्या छातीत धस्स झालं’ किंवा नुसतं ‘मी दचकले’ असं लिहायला हवं होतं. तेव्हापासून दर दिवाळीत ती खिडक्या लावून घरात बसत असेल, तर मात्र ‘मी फटाक्यांचा धसका घेतलाय’ असं तिने खुशाल लिहावं.