हळदीची तारीख धरून ऑपरेशन ठरवू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर. हळदीला उघड्या अंगानं पाटावर बसायचं, भोवती मावश्या, काकू, मोबाईल रोखून बसलेले पाहुणे, म्हणून त्याआधी वाढलेल्या छातीचं ऑपरेशन उरकून टाकायचं, असं तुझ्या मनात आहे. सुरतेच्या कुठल्याशा क्लिनिकमधून रोज फोन येतो, ७५ हजारांचं पॅकेज, रविवारपर्यंत पैसे भरले तर सवलत. "मामा, भरू का?"

रविवारपर्यंत तर नाहीच. पण ऑपरेशन करूच नकोस, असंही मी म्हणणार नाही. "पुरुषाच्या जातीला कशाला हवेत हे लाड?" असं तुझे काका म्हणतील, त्यांना म्हणू दे. माझी सारी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेली, डॉक्टर म्हणून नव्हे, टेबलाशेजारच्या टेक्निशियनची. मे महिन्यात पारा ४५ वर गेलेला असताना शर्टाखाली दोन-दोन बनियन घालून येणारी पोरं मी पाहिली आहेत. सगळे विहिरीत उड्या मारतात तेव्हा काठावर बसून कपडे सांभाळणारा एक जण असतोच. हा त्रास खरा आहे आणि त्यावरचा इलाजही खरा आहे. फक्त तुझ्या छातीत नेमकं काय वाढलंय हे आधी कळायला हवं. ते कळल्याशिवाय पॅकेजच्या आकड्याला काही अर्थ नाही.

तीन गोष्टी असू शकतात: गाठ, चरबी, नाहीतर सैल कातडी. गाठ म्हणजे स्तनाची ग्रंथी. ती पुरुषालाही असते, एरवी वाटाण्याएवढीसुद्धा जाणवत नाही. ती वाढली की डॉक्टर गायनेकोमास्टिया म्हणतात. उताणा झोप, अंगठा आणि बोट दोन्ही बाजूंनी बोंडाकडे, म्हणजे स्तनाग्राकडे, सरकवत ने. बोंडाच्या बरोबर खाली रबरासारखी घट्ट चकती लागली तर ग्रंथी. सगळीकडे सारखंच मऊ लागलं तर चरबी. पुष्कळांच्या छातीत दोन्ही असतं. घरची ही तपासणी फक्त अंदाजापुरती, खरं ते सर्जनचा हात आणि सोनोग्राफी सांगेल.

वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांची ग्रंथी थोडीफार वाढते, आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप बसते. म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला घेऊन कोणी आलं की चांगला सर्जन त्याला परत पाठवतो. तुझी नववीपासून आहे आणि आता तू पंचविशी ओलांडलीस. इतक्या वर्षांत ग्रंथी तंतुमय होऊन जाते, ती गोळ्यांनी विरघळत नाही की दंड-बैठकांनी जात नाही. उलट बेंच प्रेस मारून खालचा स्नायू फुगला की ती आणखी पुढे येते. जिममधला तो पोऱ्या तुला "अजून दोन महिने कर" म्हणतोय ना, त्याला हे ठाऊक नसावं.

जिमचा विषय निघालाच आहे तर विचारतो, खरं सांग. इंजेक्शनं घेतलीस का कधी? पोलीस भरतीच्या मैदानावर छाती ७९ सेंटिमीटर हवी आणि फुगवून पाच सेंटिमीटर वाढायला हवी, एवढ्यासाठी टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुषी हार्मोनच्या, सुया टोचून घेणारी पोरं आपल्याकडे आहेत. बाहेरून भरलेल्या त्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे बायकी हार्मोनमध्ये, बदलतं, आणि छाती रुंद व्हायची सोडून ग्रंथीच वाढते. घेतली असशील तर सर्जनला पहिल्याच भेटीत सांग. लपवून ऑपरेशन केलंस आणि सुया चालू ठेवल्यास तर ती परत येईल. काही औषधांनीही असं होतं: रक्तदाबासाठी देतात ती स्पायरोनोलॅक्टोन, केस गळू नयेत म्हणून देतात ती फिनास्टेराइड, मनोविकारावरची रिस्पेरिडोन. दारू, यकृताचा आजार, थायरॉइड हीही कारणं असतात. म्हणून आधी रक्ततपासणी: टेस्टोस्टेरॉन, एलएच, प्रोलॅक्टिन, इस्ट्राडायोल हे हार्मोन, थायरॉइडसाठी टीएसएच, शिवाय यकृत आणि किडनी. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी द्यायचं असतं, दुपारी दिलं तर आकडा कमी येतो. डॉक्टर अंडकोषही तपासतील, लाजू नकोस. तिथली एखादी गाठसुद्धा छाती वाढवते आणि ती वेळेत सापडणं छातीपेक्षा हजारपटीनं महत्त्वाचं.

एकाच बाजूला दगडासारखी कडक गाठ असेल, बोंडातून रक्त येत असेल किंवा बोंड आत ओढलं गेलं असेल, तर पत्र इथेच खाली ठेव आणि आजच दाखव. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो, पण असतो.

हे सगळं बघायला सुरतेला जायची गरज नाही. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावचं शासकीय महाविद्यालय आहे. सर्जरीच्या ओपीडीत केसपेपर काढ, रांगेत उभा राहा. अर्धा दिवस जाईल, पण ज्याला तुला पॅकेज विकायचं नाही अशा माणसाचं मत मिळेल. ते फुकटासारखंच पडतं.

आता ऑपरेशन. भूल देण्याआधी सर्जन तुला उभा करून पेननं खुणा करतो, कारण आडवं झालं की छाती पसरते आणि काहीच कळत नाही. ज्याला उभं करून खुणा करायला वेळ नाही त्याच्या टेबलावर झोपू नकोस. मग सलाइनमध्ये बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रिनलिन मिसळून ते पाणी छातीत भरतात. रक्तवाहिन्या आकसून कातडी पांढरट पडेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं असतं. घाईचं थिएटर इथंच ओळखू येतं. नंतर पोकळ नळीनं चरबी ओढतात, त्याला लायपोसक्शन म्हणतात, आणि बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेला अर्धगोल चीर देऊन ग्रंथी काढतात. पूर्ण नाही काढत. बोंडाखाली पातळ थर ठेवावाच लागतो, नाहीतर तिथं बशीसारखा खड्डा पडतो आणि तो दुरुस्त करणं मूळ ऑपरेशनपेक्षा अवघड. सगळं मिळून दीड-दोन तास. बऱ्याचदा त्याच संध्याकाळी सोडतात.

फक्त चरबी असेल तर नळीवर भागतं. ग्रंथी असताना कोणी नुसतं लायपोसक्शन करून पाठवलं तर सूज उतरल्यावर चकती जागच्या जागी असते. स्वस्त पॅकेजमध्ये हेच होतं. म्हणून लेखी घे: ग्रंथी काढणार की नाही, आणि काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवणार की नाही. चरबी गोठवणाऱ्या मशीनचीही जाहिरात तुला दाखवतील. ती ग्रंथीला काहीच करत नाही, शिवाय क्वचित कोणाची चरबी कमी व्हायच्या ऐवजी त्या जागी वाढून बसते, आणि तसं पुरुषांत जास्त दिसलं आहे.

पैशांचं बोलू. ग्रंथी आणि चरबी दोन्ही काढायला आपल्या आणि शेजारच्या राज्यांतल्या शहरांत आज साधारण ६० हजार ते दीड लाख सांगतात. नाशिक, संभाजीनगर, इंदूर, सुरत यांच्या दरात उन्नीस-बीसच. मुंबई-पुण्यात वरचं टोक. तुझे ७५ हजार बघ कसे वाढतात. सौंदर्याच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १३,५०० वर, झाले ८८,५००. छातीला घट्ट बसणारं जाकीट दोन लागतात, एक धुवायला गेलं की दुसरं, तीन हजाराला एक धरलं तर सहा हजार. रक्ततपासण्या चार हजार, पॅथॉलॉजी दीड हजार. लाखाला टेकलास. त्यात लॉजचे दिवस, टाके काढायला पुन्हा जाणं, बुडालेला पगार धरलेला नाही. फोनवर हे कुणीच बोलत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, औषधं आणि कर असं वेगवेगळं मांडलेलं कोटेशन माग. पहिल्यांदा आकार चुकला तर दुसऱ्या वेळी कशाकशाचे पैसे घेणार, तेही त्यात लिहून घे.

जन्मजात दोष, वाढीतला दोष किंवा अपघात यामुळे बिघडलेलं अंग पूर्ववत करण्याची शस्त्रक्रिया असेल तर जीएसटी लागत नाही. तुझी केस त्यात बसते का, हे तुझ्या सर्जनलाच विचार. विम्याचंही तसंच. पॉलिसीत सौंदर्य शस्त्रक्रिया वगळलेलीच असते, पण ग्रंथीचा रिपोर्ट, दुखण्याची नोंद आणि ऑपरेशनची गरज असल्याचं डॉक्टरचं पत्र लावून काहींचे दावे मंजूर झाले आहेत. ऑपरेशनच्या आधी कंपनीकडून लेखी मंजुरी घे. नंतर भांडण्यात अर्थ नाही. आणि बिनव्याजी हप्ते म्हणतात ते कर्जच असतं, प्रोसेसिंग फी कुठं लिहिलीय ते शोध.

सर्जन निवडताना प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी (आता डीआरएनबी म्हणतात) ही पदवी आहे का, एवढं बघ. महाराष्ट्रातला असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत नाव तपासता येतं. भिंतीवरच्या फ्रेम मोजू नकोस. भूलतज्ज्ञ सगळा वेळ हजर असणार का, हे विचार. याला मी सर्जनच्या नावाइतकंच वजन देतो. त्याच सर्जननं केलेल्या पेशंटचे सहा महिन्यांनंतरचे फोटो माग, टेबलावरचे नकोत.

पोटाचंही विचारलं आहेस, "सोबतच सिक्स पॅक करून देतात म्हणे." व्हॅसर म्हणजे ध्वनिलहरींनी चरबी सैल करून रेघा कोरण्याचं ते काम, दोन ते चार लाख. माझं मत विचारशील तर नको. रेघा चरबीतच कोरलेल्या असतात, वजन वाढलं की बिघडतात, आणि लग्नानंतर सासरच्या शेवभाजीपुढं किती जणांचं वजन जागेवर राहिलंय? शिवाय तुझ्या बापाची ढेरी आहे तशी घट्ट असेल, चिमटीत येत नसेल, तर ती चरबी स्नायूच्या मागे, आतड्यांभोवती आहे. तिथं नळी पोचतच नाही. ती चालण्यानं आणि ताटानंच उतरते. वजन तीस-चाळीस किलोंनी उतरून कातडी लोंबत असेल तर गोष्ट वेगळी, तिथं टमी टक, म्हणजे लोंबणारी कातडी कापून काढणं, लागतो. तो मोठा छेद आहे, कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, सव्वा ते अडीच लाख. तुला त्याची गरज नाही.

आता तारीख. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे ते जाकीट जवळजवळ दिवसरात्र. वैशाखात, आपल्याकडच्या उन्हात, मांडवात. घामानं कातडी सोलवटेल. शिवाय सूज नि काळेनिळे डाग उतरायला आठवडे लागतात, खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो, बोंडाची बधिरता त्याहूनही रेंगाळते. हळदीच्या फोटोत तू आजच्यापेक्षा वाईट दिसशील. हळदीला बनियन घालून बस, कोणी विचारलं तर उष्टी हळद झोंबते म्हण. ऑपरेशन कार्तिकात किंवा मार्गशीर्षात ठेव. थंडीत जाकीट उलट बरं वाटतं, आणि तोवर तपासण्या आणि पैसे दोन्ही हाताशी येतील.

तंबाखू मात्र आजपासूनच सोड. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे तरी तोंडात नको. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि बोंडाची कड काळी पडू शकते. पुडी खिशात ठेवून "सोडली" म्हणणारे मी फार पाहिले, भूल देताना सगळं कळतं. नंतर आठवड्याभरात टेबलावरची कामं करता येतील, पण मोटरसायकल दोन आठवडे नको, आपले रस्ते तुला माहीत आहेत. केळीचे घड सहा आठवडे उचलायचे नाहीत, कटाई चालू असली तरी. रात्रीच्या गाडीनं लगेच परत यायचं नाही. पहिल्या चोवीस तासांत आत रक्त साचतं का हे बघावं लागतं, एक बाजू अचानक फुगून दुखू लागली तर तासाभरात दवाखान्यात पोचता आलं पाहिजे. सोबत एक माणूस हवाच, म्हणून आईला सांगावं लागेल. मुलीलाही सांग, लग्नाआधी. हळदीच्या दिवशी तिच्यापासून लपवायचं काही उरलं नाही तर बनियनचंही ओझं वाटणार नाही.

बापाशी पैशाचं मी बोलतो. तू आधी केसपेपर काढ, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट आले की घरी ये. येताना सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पानं आणि जिमवाल्यानं दिलेले पावडरचे डबे घेऊन ये, झाकणावरचं नाही, मागचं बारीक अक्षर वाचायचंय मला.

तुझा,
मामा