साध्या फॅमिली गाडीत थोड्या पैशात काय बदल केले म्हणजे चालवायला मजा येईल?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2017 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, राहायला दापोलीत आहात, घरचे नवी घेऊ देत नाहीत, हातात चाळीस-पन्नास हजार आहेत आणि मनात 17 इंची मॅगव्हील (अलॉयची शोभिवंत चाकं), गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि मोकळा सायलेन्सर आहे. या तिन्हींपैकी एकही घालू नका. एवढ्या पैशात गाडी चालवावीशी वाटेल अशी नक्की होते, पण त्यातला एक रुपयाही लोकांना दिसणार नाही. हे चालणार असेल तर पुढे वाचा.

इतकं ठामपणे लिहितोय कारण हाच वाद आमच्या घरात झाला आणि अजून मिटलेला नाही.

आमची 2018 ची स्विफ्ट, व्हीएक्सआय, पेट्रोल. अण्णांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. घर देवरुखजवळ, वाडीतून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत जांभ्याची वाट, तिथून पुढे पावसाळ्यात जो रस्ता उरतो तो. काही पावसाळे गेल्यावर गाडी ढिली झाली. स्टेअरिंग सरळ धरलं तरी मधे मोकळीक, छोट्या गचक्याला पुढून खडखड, आणि वळणात गाडी आधी एका बाजूला कलंडायची, मग सावरायची, मग वळायची. आईला गाडी लागते. तिच्या डोळ्यांच्या तपासणीला कोल्हापूरला जावं लागे, आणि साखरपा मागे पडून आंबा घाट लागला की ती पिशवी मांडीवर घेऊन डोळे मिटून बसायची. मी कितीही हळू चालवली तरी दर वळणाला मागची सीट झोके खायची.

त्या वर्षी गणपतीला ताई-भावोजी डोंबिवलीहून आले. भावोजींना गाड्यांची हौस, त्यांच्या स्वतःच्या गाडीला 17 इंची मॅगव्हील, सायलेन्सर बदललेला. आमची गाडी घेऊन बाजारात जाऊन आले आणि पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, ही म्हातारी झाली. काढून टाका. नाहीतर निदान मॅगव्हील तरी टाका, जरा रस्त्याला चिकटून चालेल." अण्णा मान डोलावत होते. जावयाचा शब्द आमच्याकडे खाली पडत नाही, आणि भावोजींना उलट बोलायची माझी पद्धत नाही. पण मला ते लागलं. ज्या गाडीने आईला नेलं-आणलं, आंब्याच्या पेट्या वाहिल्या, तिला खाली न बघताच म्हातारी ठरवलं होतं.

विसर्जनानंतर गाडी रत्नागिरीला एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्याने ती वर घेतली, पहार घातली आणि लोअर आर्म (चाक खालून धरून ठेवणारा दांडा) हलवून दाखवला. त्याच्या मागच्या बुशचं, म्हणजे सांध्यातल्या गादीचं, रबर चिरलेलं, आर्म बोटभर पुढे-मागे होत होता. लिंक रॉडचे (वळणात गाडी कलंडू न देणाऱ्या दांडीला जोडणारा रॉड) दोन्ही बॉल मोकळे, पुढच्या शॉकअपचा एक माउंट (वरची रबरी बैठक) दबलेला, मागच्या एका शॉकअपमधून तेल गळून त्यावर लाल धूळ बसली होती. टायरवर नक्षी भरपूर होती, पण रबर वाळून कडक झालेलं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2318 म्हणजे 2018 सालचा 23वा आठवडा. ते टायर गाडीबरोबर कंपनीतून आलेले होते. ओल्या डांबरावर असं रबर पकडत नाही, नक्षी कितीही असो.

चारी शॉकअप, माउंट, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि मजुरी धरून जे बिल झालं ते भावोजींच्या मॅगव्हीलच्या जवळपास निम्मं होतं. सगळे पार्ट कंपनीचेच, काहीही 'स्पोर्ट' नाही. मग टायर. आमच्या व्हेरियंटला 165/80 आर 14 येतो, म्हणजे रुंदी 165 मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या 80 टक्के आणि व्हील 14 इंची. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी 185/65 आर 15 देते. दोघांचा पूर्ण व्यास जवळजवळ सारखा, 620 मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही आणि टायर कुठे घासत नाही. टायर 20 मिलिमीटरने जास्त रुंद, बाजूची भिंत 132 वरून 120 मिलिमीटरवर. मी 15 इंची साधी लोखंडी व्हील शोधून घेतली. नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं, तेही मशीनवरचे आकडे स्वतः उभं राहून बघून. बरेच अलाइनमेंटवाले 'ओके आहे' म्हणून गाडी खाली उतरवतात. छापील कागद मागा.

पुढच्या तपासणीला आम्ही आंबा घाट चढलो तेव्हा पाऊस होता, धुकं होतं आणि चौपदरीकरणाच्या कामाचा चिखल होता. गाडी वळणात टाकली की एकदाच झुकत होती आणि तिथेच थांबत होती. स्टेअरिंग बोटभर फिरवलं तर नाक बोटभर वळत होतं. मागचं चाक खड्ड्यात गेलं तर एकच आवाज, पुढे डोलणं नाही. आई मलकापूर येईपर्यंत ताईशी फोनवर बोलत होती, रेंज गेली की माझ्याशी. पिशवी पायाशी तशीच पडून होती. माझ्या लेखी गाडी चांगली वळते याला याहून मोठा पुरावा नाही. मागे बसलेल्या माणसाला वळण कळलं नाही, म्हणजे गाडी आणि चालवणारा दोघंही ठीक आहेत.

भावोजी शिमग्याला आले तेव्हा त्यांनी ती चालवली, निवळीपर्यंत जाऊन आले. उतरून म्हणाले, "टायर नवे आहेत म्हणून वाटतंय. पण एवढे पैसे घालून दिसत तर काहीच नाही." त्याच खेपेला येताना माणगावच्या अलीकडे खड्ड्यात त्यांचं पुढचं मॅगव्हील वाकलं होतं. 17 इंचाला 205/45 टायर घातला की भिंत उरते 92 मिलिमीटर. मूळ टायरपेक्षा 40 मिलिमीटर रबर कमी. तेवढा हादरा मग व्हीलला, बेअरिंगला आणि मागे बसलेल्या आईच्या पाठीला जातो. शिवाय मोठं व्हील आणि टायर मिळून वजन वाढतं, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं असतं, म्हणजे शॉकअपला दर खड्ड्यात तेवढं जास्त काम. मुंबई-गोवा रस्त्याने ये-जा करणाऱ्या माणसाने 17 इंच घालणं मला आजही पटत नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं नाही म्हणून इथे लिहितोय.

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांचं उत्तर तुमच्याच तालुक्यात आहे. हर्णै-आंजर्ल्याचे उतार, वाडीतल्या पाखाड्या, फेरीबोटीचा रॅम्प. दाभोळहून धोपाव्याला जाताना बोटीवर चढताना पुढचा बंपर घासला की उत्साह उतरेल.

मोकळ्या सायलेन्सरने साध्या पेट्रोल इंजिनात आवाजच वाढतो, जोर हाताला लागेल इतका वाढत नाही. आमच्या इंजिनाची ताकद 83 पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, 113 न्यूटन मीटर, पण तो टॉर्क 4,200 आरपीएमला मिळतो. घाटात लोक तिसऱ्या गिअरमध्ये 1,500 वर घसटत नेतात आणि मग म्हणतात गाडी ओढत नाही. दुसरा टाका, साडेतीन हजाराच्या वर ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत. उघडा कोन फिल्टर (डब्याशिवाय बसवलेला शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) तर कोकणात घालूच नये. बॉनेटखालची गरम हवा ओढतो, उन्हाळ्यात जांभ्याची लाल माती खातो आणि पाणी साचलेल्या मोरीवर तेच पाणी आत घेऊ शकतो. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. साधा कागदी फिल्टर घ्या, पण मॅन्युअलमधल्या मुदतीपेक्षा लवकर बदला. सड्यावरच्या रस्त्यांवर फिरत असाल तर काढून बघा, मातीचा थर दिसेल.

ब्रेकवर मात्र खर्च करा, आणि तोही डिस्क-कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) बदलण्यावर नाही, ब्रेक ऑइलवर. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडच्या हवेत पाणी किती असतं ते वेगळं सांगायला नको. डॉट 4 ऑइल ताजं असताना किमान 230 अंशांना उकळतं, पाणी धरल्यावर ती हद्द 155 पर्यंत खाली येते. कुंभार्ली किंवा आंबोली उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर तेवढी उष्णता सहज तयार होते, ऑइलात वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल काढून नवं भरा, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक पॅड चांगले घ्या, पण गरम झाल्यावरच पकडणारे रेसिंगचे नकोत. सकाळी अंगणातून निघाल्यावर पहिल्याच वळणाला ब्रेक लागायला हवा.

आता दापोलीत राहता म्हणून थोडं. खारी हवा पत्रा आतून खाते. समुद्रावर जाऊन आलात की चाकांच्या कमानीच्या आतून आणि खालून गोड्या पाण्याने धुवा. गाडी वाळूत नेऊ नका, मुरुडच्या किनाऱ्यावर भरतीत अडकलेल्या गाड्या तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिल्या असतील. वायपरखालच्या जाळीत आंबा-फणसाची पानं कुजून पाण्याची वाट बंद होते, मग पाणी गाडीत उतरतं आणि पायाखालचं मॅटिंग कुबट येतं. दाराच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात, तीही काडीने मोकळी ठेवा. अंडरबॉडी कोटिंग करताना ही भोकं बुजवणारे महाभाग आहेत. पावसाळ्यात गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकामागे चिरा लावा. आणि कॅलिपरच्या पिना दर सर्व्हिसला काढून ग्रीस करायला सांगा, इथे त्या गंजून अडकतात आणि गाडी एका बाजूला ओढते. मग लोक अलाइनमेंटवर पैसे घालतात.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतले तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल करू देत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला बेकायदा बदलासाठी दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इन्शुरन्सवाल्यालाही हात वर करायला निमित्त मिळतं. टायर बदलायचेच तर तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा साइज बघा, तेवढ्याने काम होतं.

रिमॅपबद्दल, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून जोर वाढवण्याबद्दल, तुम्ही विचारलं होतं. तुमचं इंजिन टर्बो नसेल तर विसरा. टर्बो असेल तर ती गोष्ट वेगळी.

आणखी एक. हे सगळं करण्याआधी गाडी वर घेऊन खालचा पत्रा आणि पुढचा सबफ्रेम (इंजिनाखालचा लोखंडी सांगाडा) बघा. स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि आत गेला तर एक रुपया घालू नका, तेव्हा घरच्यांना विकायला राजी करा. तुमच्या गाडीचे शॉकअप आधीच बदलून झाले असतील तर माझं अर्धं उत्तर तुम्हाला लागू नाही, मग टायर आणि ब्रेक ऑइलवर थांबा. आणि एखाद्याला खरंच फक्त दिसण्यासाठी मॅगव्हील हवी असतील तर घ्यावीत, पण कारखान्याने दिलेल्या साइजमध्ये, आणि 'गाडी चिकटून चालते' असं पंगतीत सांगू नये.

काम करून घ्यायचं ठरलंच तर लोअर आर्मचे बोल्ट मिस्त्रीला गाडी हवेत असताना पूर्ण आवळू देऊ नका. हवेत आर्म खाली लोंबतो, तसेच आवळले की गाडी जमिनीवर आल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर चिरतं. आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, वजन पूर्ण येऊ द्यायचं आणि मग शेवटचं आवळायचं. घाईतले मिस्त्री हे टाळतात, कारण खाली शिरायला जागा कमी मिळते. तिथे उभं राहून करून घ्या, चिडला तर चिडू दे.