क्लब विरुद्ध क्लब : चार पटांच्या सामन्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं बुद्धिबळाच्या आंतरक्लब सामन्यांबद्दल आहेत. एक खुलासा आधीच करतो. खाली ‘सामना’ म्हणजे दोन संघांची लढत आणि ‘डाव’ म्हणजे त्यातल्या एका पटावरचा खेळ. हे दोन शब्द एकमेकांत मिसळले की नियमावलीतही घोळ होतो.

आमच्या भागातल्या सहा गावांच्या क्लबांनी मिळून साखळी सामने घ्यायचं ठरवलंय. प्रत्येक संघात चार खेळाडू आणि दोन राखीव. पण कोणी कुणाच्या गावी जायचं, यावरूनच पहिली बैठक फिसकटली. कार्यक्रम कसा आखावा?
— एका क्लबचे चिटणीस, कराड

सहा संघ म्हणजे पाच फेऱ्या आणि पंधरा सामने. जोड्या स्वतः जुळवत बसू नका, त्यासाठी बर्गर तक्ता, म्हणजे फेरीवार जोड्यांचा ठरलेला तक्ता, तयार आहे. संघांना १ ते ६ क्रमांक द्या आणि असे खेळवा :

पहिली फेरी : १–६, २–५, ३–४
दुसरी : ६–४, ५–३, १–२
तिसरी : २–६, ३–१, ४–५
चौथी : ६–५, १–४, २–३
पाचवी : ३–६, ४–२, ५–१

जोडीत आधी लिहिलेला संघ यजमान. आता मोजून पाहा : १, २ आणि ३ यांना घरचे तीन सामने मिळतात, ४, ५ आणि ६ यांना दोनच. तुमची बैठक फिसकटली ती इथेच. पाच सामने दोन्हीकडे सारखे वाटले जाणं शक्यच नाही, त्यामुळे कितीही बैठका घेतल्या तरी कुणीतरी नाराज राहणारच. सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून क्रमांक ठरवा आणि पुढच्या वर्षी प्रत्येक जोडी उलटी करायची हे आजच इतिवृत्तात लिहून ठेवा. एखादा क्लब गळून पाचच उरले तर तक्ता बदलायचा नाही. क्रमांक ६ रिकामा ठेवायचा आणि त्याच्याशी जोडी पडलेल्या संघाला त्या फेरीत सुट्टी.

मात्र चार पोरांना घेऊन पाच-पाच रविवार एसटीने हिंडण्यापेक्षा सगळ्यांनी एका गावी जमावं, असं आम्ही सुचवू. जर्मनीच्या बुंडेसलीगातही, म्हणजे तिथल्या बुद्धिबळ संघांच्या सर्वोच्च साखळीतही, एकाच ठिकाणी अनेक संघ बोलावून शनिवार-रविवारी लागोपाठ फेऱ्या उरकतात. तुमच्या एका फेरीला तीन सामने, म्हणजे बारा पट, बारा घड्याळं, एक हॉल आणि एकच पंच पुरतो. दोन रविवारी दोन-दोन फेऱ्या, तिसऱ्या रविवारी शेवटची फेरी आणि बक्षीस समारंभ. तिन्ही रविवार वेगवेगळ्या गावी ठेवले की यजमानपदाचा वादही बराचसा मिटतो.

वेळ प्रत्येकी ६० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद वाढीव ठेवा. साठ चालींचा डाव जास्तीत जास्त तीन तास चालतो, ऐंशी चालींचा तीन तास वीस मिनिटं. सकाळची फेरी दहाला आणि दुपारची अडीचला ठेवली, तर हत्ती-प्याद्यांचा रेंगाळलेला शेवटही जेवणाच्या आत बसतो. दुपारची फेरी दोनला ठेवलीत तर सगळ्यात लांबलेला डाव ज्याचा, तोच उपाशीपोटी पुढच्या डावाला बसेल.

महिना ठरवताना आधी शाळेचं वेळापत्रक बघा, सभागृहाचं नंतर. अर्धा संघ शाळकरी असतो. फेब्रुवारी-मार्च गेलेच, सहामाही आणि दिवाळीही वगळा. जून ते ऑगस्ट उरतो. तेव्हा घाटरस्त्याने येणाऱ्या संघासाठी एक राखीव तारीख हाताशी ठेवा.

समोरच्या क्लबाने त्यांचा सगळ्यात कच्चा मुलगा आमच्या पहिल्या पटावरच्या खेळाडूसमोर बसवला आणि बाकी तीन पट जिंकून नेले. हे नियमात बसतं का?
— एक कर्णधार, मिरज

तुमच्या नियमावलीत पटक्रमाचं कलम नसेल, तर बसतं. म्हणून ते कलम घालून घ्या. हंगामाच्या आधी प्रत्येक क्लबाने आपल्या सगळ्या खेळाडूंची क्रमवार यादी द्यायची आणि ती शेवटच्या फेरीपर्यंत बदलायची नाही. खाली लावलेल्या खेळाडूचं रेटिंग (त्याची ताकद दाखवणारा आकडा) वरच्यापेक्षा शंभरहून जास्त असता कामा नये, एवढी अट पुरते. रेटिंगच नसलेल्यांचा क्रम कर्णधाराने ठरवायचा, पण एकदाच.

शंभराची सूट कशासाठी, असं विचाराल. थोडी अदलाबदल हा खेळाचाच भाग आहे. २०२४ च्या बुडापेस्ट बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारताच्या खुल्या संघात रेटिंगने सगळ्यात वर अर्जुन एरिगैसी होता, पण पहिल्या पटावर गुकेश, दुसऱ्यावर प्रज्ञानंद आणि अर्जुन तिसऱ्यावर बसला. चौथ्यावर आपला नाशिकचा विदित गुजराथी. अर्जुनने तिसऱ्या पटावर ११ पैकी १० गुण काढले आणि संघाने सुवर्ण जिंकलं. महिला संघातही नागपूरच्या दिव्या देशमुखने तिसऱ्या पटावरच वैयक्तिक सुवर्ण मिळवलं. ही रचना झाली. कच्च्या मुलाला वाघापुढे बांधणं ही निव्वळ लबाडी, आणि त्या मुलाचाही त्यात काही फायदा नाही.

इथे एक चूक हमखास होते. दुसऱ्या पटावरचा खेळाडू आजारी पडला की राखीव खेळाडूला सरळ त्याच्या खुर्चीत बसवतात. तसं करायचं नाही. तिसरा दुसऱ्यावर सरकतो, चौथा तिसऱ्यावर आणि राखीव चौथ्यावर बसतो. त्या दिवसाची चार नावं सुरुवातीआधी अर्धा तास दोन्ही कर्णधारांनी बंद चिठ्ठीत पंचांकडे द्यावीत आणि चिठ्ठ्या एकदमच उघडाव्यात. त्यानंतर कुणी आलाच नाही तर तो पट रिकामा राहतो आणि गुण समोरच्याला जातो. चिठ्ठी द्यायच्या आधीच तीनच खेळाडू आहेत हे कळलं असेल, तर रिकामा पट चौथा असला पाहिजे. पहिला पट मुद्दाम रिकामा सोडणाऱ्या संघाचा आणखी अर्धा गुण कापा. एकदा कापला की पुन्हा कुणी तसं करत नाही.

गुणतक्ता सामन्यांच्या गुणांवर लावावा की डावांच्या? आणि बरोबरी झाली तर?
— स्पर्धा समितीचे सदस्य, बार्शी

सामन्यांच्या गुणांवर : विजयाला २, बरोबरीला १. ऑलिंपियाडमध्येही २००८ च्या ड्रेस्डेनपासून हीच पद्धत आहे, त्याआधी डावांचे गुण मोजत. फरक किती पडतो ते बघा. एका संघाने पाचही सामने अडीच-दीडने जिंकले : सामन्यांचे १० गुण, डावांचे साडेबारा. दुसऱ्याने चार सामने चार-शून्यने जिंकले आणि पहिल्याशी दीड-अडीचने हरला : सामन्यांचे ८, डावांचे साडेसतरा. डाव मोजलेत तर सगळ्यांना हरवलेला संघ दुसरा येईल. दुबळ्या संघाला किती धुतलं, यावर विजेता ठरू नये.

सामन्यांचे गुण सारखे झाले तर आधी डावांचे गुण बघा, मग आपसातला सामना. तोही दोन-दोन सुटला असेल तर जिंकलेल्या पटांच्या क्रमांकांची बेरीज करा. ज्याची बेरीज कमी तो संघ वर. बरोबरीचे डाव मोजायचे नाहीत. उदाहरणार्थ, एकाने पहिला पट जिंकला, दुसऱ्याने दुसरा, बाकी दोन बरोबरीत, तर पहिला पट जिंकणारा वर. पण एकाने १ आणि ४ जिंकले, दुसऱ्याने २ आणि ३, तर दोघांची बेरीज पाचच येते! मग शेवटचा पट पुसायचा आणि उरलेले तीन मोजायचे : एक विरुद्ध दोन, म्हणून २ आणि ३ जिंकणारा संघ वर. ही पायरी लिहिलेली नसली की बक्षीस समारंभ तासभर अडतो.

बाविसाव्या चालीनंतर लक्षात आलं की घड्याळ वाढीव ३० सेकंद देतच नव्हतं. पंच म्हणाले, ‘आता तसंच खेळा.’ बरोबर आहे का?
— एक खेळाडू, फोंडा

नाही. घड्याळ चुकीचं लावलं आहे हे कळताच ते थांबवायचं, योग्य लावायचं आणि वेळ दुरुस्त करायचा, असं फिडेचे (जागतिक बुद्धिबळ महासंघाचे) नियम सांगतात. चाली नोंदवहीत असतातच. दोघांच्या बावीस-बावीस चाली झाल्या असतील, तर बावीस गुणिले तीस सेकंद म्हणजे प्रत्येकी ११ मिनिटं वाढवायची आणि पुढे खेळायचं.

ही चूक बहुधा दोन कारणांनी होते. एक तर मागच्या रविवारच्या जलद स्पर्धेची रचना घड्याळात तशीच राहिलेली असते. नाहीतर ‘बोनस’ऐवजी ‘डिले’ लावलेला असतो. डिलेमध्ये घड्याळ तेवढे सेकंद नुसतं थांबतं, न वापरलेले सेकंद साठत नाहीत. तपासायला अर्धं मिनिट लागतं : घड्याळ सुरू करा, दोन्ही बाजूंचा खटका एकेकदा दाबा आणि दाबल्यावर त्या बाजूचा आकडा वाढतो का ते बघा. वाढला तर पुन्हा सुरुवातीच्या वेळेवर आणून ठेवा. बाराही घड्याळांवर हे करायचं, एकावर करून बाकीची गृहीत धरायची नाहीत. पेन्सिल सेलचं एक पाकीटही पंचांच्या टेबलावर असू द्या.

कर्णधाराने खेळाडूला बरोबरी घ्यायला सांगितलं तर चालतं का?
— पालक, चिपळूण

चालतं, पण तेवढंच. ‘बरोबरी दे’, ‘बरोबरी घे’, ‘डाव सोड’ याच्या पलीकडे एक शब्द नाही, आणि हेही पंचांच्या देखत. खेळाडूने ‘घेऊ का?’ विचारलं तर ‘हो’, ‘नको’ किंवा ‘तुझं तू ठरव’ यांपैकी एक उत्तर द्यायचं. पटाकडे टक लावून ‘हं… तुझा घोडा बरा आहे की’ म्हणणं हा गुन्हा आहे, पटावरच्या स्थितीबद्दल चकार शब्द काढायचा नसतो. कर्णधाराने पाहायचं ते बाकीचे तीन पट. दोन डाव जिंकून एक हरला असाल तर चौथ्या पटावर अर्धा गुण पुरे, मग तिथे प्यादं जास्त असलं तरी बरोबरी घेणं शहाणपणाचं. एक जिंकून दोन हरला असाल तर तीच बरोबरी म्हणजे सामना घालवणं.

खेळाडूसाठी : चाल पटावर खेळायची, बरोबरी विचारायची आणि मगच घड्याळ दाबायचं. समोरचा विचार करत असताना विचारणं चुकीचं.

प्रतिस्पर्ध्याने राजा शहात तसाच ठेवून चाल केली, आमच्या मुलाने थेट राजा मारला आणि ‘जिंकलो’ म्हणाला. निकाल कुणाचा?
— प्रशिक्षक, जळगाव

कुणाचाच नाही, डाव पुढे चालू. राजा मारणं ही चालच नव्हे. घड्याळ दाबून बेकायदा चाल पूर्ण झाली असेल, तर मुलाने घड्याळ थांबवून पंचांना बोलवायला हवं होतं. पंच चाल मागे घेतात, हात लावलेल्या मोहऱ्याची कायदेशीर चाल असेल तर तीच खेळायला लावतात आणि तुमच्या मुलाला दोन मिनिटं वाढवून देतात. त्याच खेळाडूने दुसऱ्यांदा बेकायदा चाल केली की सहसा डाव गेला. घड्याळ दाबलेलंच नसेल तर दंड नाही, फक्त चाल दुरुस्त करायची.

प्यादं शेवटच्या घरात पोचलं, पण जवळ जादा वजीर नव्हता. हत्ती उलटा ठेवून वजीर मानला तर?
— शाळकरी वाचक, वाई

उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच. तोंडाने ‘वजीर’ म्हटलंस तरी तो हत्तीसारखाच चालणार. मोहरा हवा असेल तर घड्याळ थांबवून पंचांकडून मागायचा, त्यासाठी ते थांबवता येतं. प्यादं तसंच ठेवून घड्याळ दाबलंस तर ती बेकायदा चाल ठरते : समोरच्याला दोन मिनिटं मिळतात आणि प्याद्याच्या जागी वजीरच येतो, तुला घोडा हवा असला तरी. बारा पटांना निदान सहा पांढरे आणि सहा काळे जादा वजीर पंचांच्या टेबलावर ठेवायला तुमच्या सरांना सांग.