मुलाखतीत पायाचं सांगू की नको?

प्रश्न : मी पारोळा तालुक्यातली. वय २६, बी.कॉम. झालं आहे, टॅली आणि जीएसटीचं काम येतं. सहा वर्षांपूर्वी महामार्गावर ट्रकने मोटारसायकलला धडक दिली, त्यात डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आता कृत्रिम पाय आहे. सलवार घातली की कोणाच्या लक्षात येत नाही, फार चाललं तर थोडी लंगडते. ६० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे. जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइप कंपनीत (कामगार दीडशेच्या आसपास) अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज केला. फॉर्मवर ‘शारीरिक व्यंग / गंभीर आजार असल्यास’ असा रकाना होता, तो मी कोरा सोडला. पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. मागे दुसऱ्या एका कंपनीत मी सुरुवातीलाच सांगून टाकलं, तर साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि ‘कळवतो’ म्हणाले. अजून कळवलेलं नाही. आई म्हणते, ‘आपनहून कसाले सांगानं?’ भाऊ म्हणतो, विचारलं तरी सरळ ‘नाही’ म्हण. सांगणं बंधनकारक आहे का? नंतर कळलं तर काढून टाकतील का? शिवाय महिनाअखेरीला गोडाऊनमध्ये स्टॉक मोजावा लागतो असं ऐकलं. शिडी चढणं मला जमत नाही.

उत्तर : ताई, आईचं बरंचसं बरोबर आहे. भावाचं मात्र ऐकू नका.

कोणी विचारलेलं नसताना मुलाखतीत पायाचा विषय काढलाच पाहिजे, असं तुमच्यासारख्या खासगी नोकरीसाठी कोणताही कायदा सांगत नाही. विचारल्यावर ‘नाही’ म्हणणं ही मात्र वेगळी गोष्ट. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यात कायदा मोठा फरक करतो आणि तुमचा निम्मा प्रश्न त्या फरकातच सुटतो.

भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक कशाला म्हणायचं ते दिलं आहे आणि त्याखाली एक स्पष्टीकरण आहे. समोरच्याच्या निर्णयावर परिणाम करू शकेल अशी गोष्ट नुसती न सांगणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं ते म्हणतं. अपवाद दोन : जिथे बोलणं हे त्या माणसाचं कर्तव्यच असतं, किंवा जिथे गप्प राहणं हेच बोलण्यासारखं ठरतं. नोकरी हाही शेवटी करारच. हिशेब लिहिण्याच्या कामासाठी गेलेल्या मुलीने पायाबद्दल अवाक्षर काढलं नाही, एवढ्यावरून तिने कंपनीला फसवलं असं होत नाही. तुम्ही क्रेन चालवायला किंवा उंचावर चढून काम करायला निघाला असतात, तर मी हे उत्तर दिलं नसतं. तिथे दुसऱ्याचाही जीव गुंतलेला असतो.

आता तो कोरा रकाना. अशा फॉर्मच्या तळाशी बहुतेक वेळा बारीक अक्षरात एक ओळ असते : ‘वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.’ त्याखाली तुमची सही असणार. तुम्ही खोटं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे आजच्या घडीला तुमची बाजू भक्कम आहे. कलम १९ तर त्यापुढे जाऊन म्हणतं, की साधी चौकशी करून समोरच्याला खरं कळू शकत होतं, तर गप्प राहिल्याच्या कारणावरून त्याला करार मोडता येत नाही. रकाना कोरा दिसतो आहे, उमेदवार समोर बसली आहे, एक प्रश्न विचारायचा होता. तो विचारला नाही तर ती त्यांची हयगय. पण कंपनीचा वकील काय म्हणेल तेही ऐकून ठेवा : ‘प्रश्न छापलेलाच होता, म्हणजे उत्तर देणं हे कर्तव्य होतं, रकाना मुद्दाम सोडला.’ हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. म्हणून रकाना कोरा ठेवून मुलाखतीला खुशाल जा, पण तो तसाच कोरा ठेवून नोकरीवर रुजू होऊ नका.

तुम्ही ‘नाही’ म्हणालात की सगळा डाव उलटतो. उद्या काढायची वेळ आली तर कंपनी ‘दिव्यांग आहे म्हणून काढलं’ असं कधीच लिहिणार नाही. ‘खोटी माहिती दिली म्हणून काढलं’ असं लिहील. भेदभावाचं प्रकरण मग तुमच्या प्रामाणिकपणाचं प्रकरण होऊन बसतं आणि असं प्रकरण लढवताना वकिलाचे हात बांधलेले असतात. भावाचा हेतू चांगला असेल, पण त्याचा सल्ला कंपनीच्याच सोयीचा आहे.

मग सांगायचं कधी? माझं मत स्पष्ट आहे : ऑफर लेटर हातात पडल्यावर, मेडिकलच्या आधी, आणि लेखी. काही वकीलमित्र म्हणतात, मुलाखतीतच सांगून मोकळं व्हावं, निदान मनावर ओझं राहत नाही. मनाचं ठीक आहे, पण पुराव्याचं काय? मुलाखतीत सांगितलं आणि घेतलं नाही, तर ‘दुसरा उमेदवार जास्त चांगला होता’ एवढं म्हणून ते सुटतात. पेनाला टोपण लावणाऱ्या त्या साहेबांचं तसंच झालं. तिथे तुमच्यावर अन्याय झाला असावा असं मलाही वाटतं, पण सिद्ध काय करणार? याउलट निवड झाली, पत्र निघालं, तुम्ही पायाचं कळवलं आणि त्यानंतर पत्र मागे घेतलं, तर कारण उघडं पडतं. तारखाच बोलतात.

मुलाखतीत थेट विचारलं तर मात्र खरं सांगा. असा प्रश्न विचारायलाच मनाई करणारं कलम आपल्याकडे नाही, त्यामुळे ‘हे विचारायचा तुम्हाला अधिकार नाही’ म्हणून तावातावाने उठून येण्यात अर्थ नाही. दोन वाक्यं पुरेत : ‘डाव्या पायाला गुडघ्याखाली कृत्रिम पाय आहे. जिने चढते, दिवसभर टेबलावर बसून काम करते, फक्त शिडीवर चढत नाही.’ तिथेच थांबायचं. अपघात कसा झाला, खर्च किती आला, लग्नाचं काय, असलं पुढे सुरू झालं तर ‘सर, कामाबद्दल विचारा ना’ असं हसून म्हणता येतं. ही मुलाखत आहे, मुलगी बघण्याचा कार्यक्रम नव्हे.

कायदा तुमच्या बाजूने किती उभा आहे, हे आता न फुगवता सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ३ सांगतं, की दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. अपवाद एकच : ते कृत्य एखाद्या रास्त हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच प्रमाणात केलेलं आहे असं दाखवता आलं तर. पंचवीस फुटी रॅकवर चढणाऱ्या माणसाच्या जागेसाठी कंपनीला हे कदाचित दाखवता येईल. खतावणी लिहिणाऱ्या जागेसाठी कसं दाखवणार? या कायद्याखालचे २०१७ चे केंद्रीय नियम वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनाही बांधतात. तिथल्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार गेली, तर त्याने एक तर कारवाई करायची, नाहीतर आपलं कृत्य त्या अपवादात कसं बसतं ते लेखी कळवायचं. तुमच्या कंपनीत दीडशे लोक आहेत. अशा कंपनीने समान संधी धोरण तयार करून ते वेबसाइटवर किंवा दर्शनी जागी लावायचं असतं. रुजू होताना एचआरकडे त्याची प्रत मागा. बहुतेक ठिकाणी ते कपाटातून शोधावं लागतं आणि काही ठिकाणी मागितल्यावरच लिहायला घेतात, तो भाग वेगळा.

कमकुवत बाजूही ऐका. नोकरीतल्या भेदभावावर थेट बोट ठेवणारं कलम २० हे सरकारी आस्थापनांपुरतं आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येणार नाही, हे संरक्षणही तिथलंच. खासगी कंपनीविरुद्ध तुम्ही पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करू शकता. नियमाप्रमाणे ती साठ दिवसांत निकाली काढायची असते. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं असे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत. पण शेवटी ते करतात ती शिफारस. समोरच्याने तीन महिन्यांत काय कारवाई केली ते कळवायचं, किंवा शिफारस का मानली नाही ते सांगायचं. ‘या बाईंना नोकरी द्या’ असा कोर्टासारखा हुकूम तिथून निघत नाही. कायद्याच्या पहिल्या उल्लंघनाला दंड आहे दहा हजारांपर्यंत, त्यानंतरच्या प्रत्येकाला पन्नास हजार ते पाच लाख. पहिल्या दहा हजारांना कोणती पाइप कंपनी घाबरणार? पण पुण्याहून नोटीस आली की साहेब लोकांना उत्तर लिहावंच लागतं आणि पुष्कळदा बोलणी तिथूनच सुरू होतात.

स्टॉकचं काम. इथे मात्र कायदा तुमच्या चांगलाच उपयोगी आहे. कामात जरुरीपुरता आणि मालकावर अवाजवी बोजा न टाकणारा बदल करून देणं, ही संकल्पना या कायद्यातच आहे आणि ते नाकारणं हाही भेदभाव मानला जातो. त्याचा खर्च तुमच्याकडून घेता येत नाही. तुमच्या बाबतीत खर्च तरी कुठला? शिडीवर हेल्पर चढेल, वरून नग मोजून सांगेल, तुम्ही खाली उभं राहून शीटवर उतरवाल. मी पाहिलेल्या गोडाऊनमध्ये दोन माणसं अशीच मोजणी करतात, कारण एकट्याने वर चढून मोजायचं आणि तिथेच लिहायचं हे दोन पाय धड असणाऱ्यालाही जमत नाही. हे तोंडी ठरवू नका, पत्रात घाला.

पत्र लांब नको. ऑफर आल्यावर त्याच ईमेलला उत्तर म्हणून असं लिहा : ‘नेमणुकीबद्दल आभार. मी दि. … रोजी रुजू होईन. अर्जातील शारीरिक व्यंगाचा रकाना मी भरला नव्हता, ती माहिती आता देत आहे. माझ्या डाव्या पायाला गुडघ्याखाली कृत्रिम पाय आहे. प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. अकाउंट्सचं सर्व काम मी करू शकते. स्टॉक मोजणीच्या वेळी शिडीवर चढण्यासाठी सोबत एक व्यक्ती मिळावी, ही विनंती.’ कुठेही ‘क्षमस्व’ नाही, ‘कृपा करून सांभाळून घ्यावे’ नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, ईमेलच करा आणि पाठवलेल्याची प्रिंट घरात ठेवा. मुलाखतीचं गुपचूप रेकॉर्डिंग करायचं पुष्कळांच्या डोक्यात येतं. ते पुरावा म्हणून आणायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र वगैरे सोपस्कार आहेत. ते प्रमाणपत्र ईमेललाही लागू शकतं, पण ईमेल कंपनीकडेही पोचलेला असतो, म्हणून तो कितीतरी जास्त कामाचा.

मेडिकलच्या वेळी डॉक्टरांना ‘पायाचं लिहू नका’ अशी गळ घालू नका. उलट ‘अकाउंट्सच्या कामासाठी योग्य’ असा स्पष्ट शेरा मागा. नुसतं ‘फिट’ लिहिलं तर ‘फिट कशासाठी?’ असा वाद नंतर घालता येतो.

हे सगळं लेखी दिल्यानंतर पुढे कधी काढलंच, तर ‘माहिती लपवली’ हे कारण त्यांच्या हाती राहत नाही. चौकशी न करता काढलं, तर कारकुनी कामाच्या माणसाला औद्योगिक कायद्याखालीही दाद मागता येते. तसंही, पाय पगारपत्रकात दिसण्याची वेळ येऊ शकते. ४० टक्के किंवा जास्त कायमचं शारीरिक दिव्यांगत्व असेल तर महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ आहे. महिलांना महिना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर तो तसाही लागत नाही. पगार त्याहून जास्त असेल आणि वर्षाला अडीच हजार रुपये वाचवायचे तर प्रमाणपत्र पगार विभागाला द्यावंच लागेल आणि ते जरूर द्या.

तुमच्यासारख्याच, पण ४० टक्क्यांच्या आत असलेल्या वाचकांसाठी एवढंच : भेदभावाविरुद्धचं संरक्षण ४० टक्क्यांना बांधलेलं नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, त्या विकासकुमार विरुद्ध यूपीएससी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. ४० ची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे.

आणि आरक्षणाचा विषय निघालाच आहे तर, उद्या तुम्ही जिल्हा परिषदेची किंवा दुसरी कुठली सरकारी भरती दिलीत, तर वर सांगितलेलं ‘आधी गप्प राहा’ विसरून जा. तिथे दिव्यांगांसाठी चार टक्के जागा आहेत आणि त्यातला एक टक्का तुमच्या, म्हणजे हातापायांच्या दिव्यांगत्वाच्या, गटाचा. तो हवा असेल तर ऑनलाइन अर्ज भरतानाच दिव्यांग म्हणून खूण करावी लागते. निकाल लागल्यावर ‘माझ्याकडे प्रमाणपत्र होतं’ म्हणून कोणी ऐकत नाही. अर्जाआधी यूडीआयडी कार्डावरचं नाव आणि दहावीच्या सनदेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघून घ्या. जुळत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच टाका.