जिवाणूंचं सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) सुरू करतोयस? आधी नमुना बघ

मशीन कोणतं घ्यायचं हा प्रश्न नंतरचा. थुंकीतून थेट डीएनए काढलास तर बहुतेक रीड्स (मशीनने वाचलेले डीएनएचे तुकडे) माणसाचेच निघतील, म्हणून शक्यतो शुद्ध कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वेगळे वाढवलेले जिवाणू वापर. आणि प्रत्येक खेपेत एक कोरा नमुना (ज्यात जिवाणूच नाहीत असा) चालवच. मी सुरुवातीला तो टाळायचो. एकदा दोन रुग्णांमधला ‘संसर्ग’ शेवटी माझ्याच पिपेटची करामत निघाला!

क्षयाच्या जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, सुमारे 44 लाख बेसांचा (डीएनएच्या अक्षरांचा). 1998 मध्ये तो पूर्ण वाचला गेला. त्यात साधारण दोन वर्षांत एखादाच बदल होतो. त्यामुळे दोन नमुन्यांत पाचच फरक दिसले तर नातं जवळचं असू शकतं, पण कोणी कोणाला संसर्ग दिला हे तेवढ्यावरून ठरवू नकोस. इतक्या कमी फरकांत एक खोटा फरकसुद्धा महागात पडतो. पीई-पीपीई जनुकांसारख्या पुनरावृत्तीच्या भागांत छोटे रीड्स भलत्याच जागी बसतात. ते भाग विश्लेषणातून वगळ.

इतर जिवाणूंमधली प्लाझ्मिडवरची (मुख्य जीनोमपासून वेगळ्या छोट्या डीएनएवरची) औषधरोधकता शोधायची असेल तर मात्र लांब रीड्स हवेत. आणि नमुना कधी, कुठून घेतला ते त्याच दिवशी लिहून ठेव. नंतर कोणालाच आठवत नाही.