श्तेफान चेल मारे: एकच नाव इतक्या ठिकाणी कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून बाहेर पडलेला तुमचा भाचा सिरेतची सीमा ओलांडून रोमानियात आला आणि सुचावाहून विमानाने घरी परतला. त्या विमानतळाचे नाव 'श्तेफान चेल मारे'. आता तुम्ही दोघे रोमानिया आणि मोल्दोव्हाची सहल आखताय, तर नकाशात हेच नाव विद्यापीठाला, बुखारेस्टच्या मेट्रो स्थानकाला, मोल्दोव्हाची राजधानी किशिनाऊच्या मुख्य रस्त्याला आणि कितीतरी गावांना दिसतेय. हा एकच माणूस आहे का, आणि त्याने असे केले तरी काय?

माणूस एकच. मी काही वर्षे नोकरीनिमित्त याश शहरात राहिलो आणि तेव्हापासून या राजाचा नाद लागलाय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. त्याने काय केले हे एका परिच्छेदात सांगता येईल. त्याचे नाव कुठे, कोणी आणि केव्हा लावले, हे मात्र सावकाश सांगायला हवे, कारण तुमच्या प्रवासात जे दिसणार आहे त्याचा उलगडा तिथेच होतो.

श्तेफान तिसरा, म्हणजेच थोरला श्तेफान ('चेल मारे'चा अर्थच 'थोरला'), १४५७ ते १५०४ अशी ४७ वर्षे मोल्दोव्हाच्या गादीवर होता. तेव्हाचा मोल्दोव्हा कार्पेथियन पर्वतापासून नीस्टर नदीपर्यंत आणि खाली काळ्या समुद्रापर्यंत पसरलेला. राजधानी सुचावा. पश्चिमेला हंगेरी, उत्तरेला पोलंड, दक्षिणेला तुर्क, आणि तिघांचीही नजर या भूमीवर. हंगेरीच्या मात्याश राजाला त्याने १४६७ मध्ये बाया गावात मागे रेटले, पोलंडच्या सैन्याला १४९७ मध्ये कोझ्मिनच्या रानात गाठले. पण युरोपभर नाव झाले ते १० जानेवारी १४७५ च्या वास्लुईच्या लढाईने. दाट धुके, दलदल, आणि त्यात सुलेमान पाशाची प्रचंड फौज अडकवून मोडली. पुढच्याच वर्षी सुलतान मेहमेद दुसरा स्वतः चालून आला आणि राझ्बोयेनीला श्तेफान हरला. तरी महत्त्वाचे किल्ले सुलतानाच्या हाती लागले नाहीत. १४८४ मध्ये मात्र किलिया आणि चेताताया अल्बा ही दोन्ही बंदरे गेली आणि पुढे तुर्कांना खंडणी देणे भाग पडले. कधीही न हरलेला वीर म्हणून त्याची पूजा बांधणाऱ्यांना हे आठवत नाही. मला तो याच पराभवांसकट मोठा वाटतो. अर्धे शतक टिकून राहणे हीच त्या भूगोलात अवघड गोष्ट होती.

आता नावांकडे. त्याच्या मृत्यूनंतर अडीच-तीनशे वर्षांनी त्याचे राज्य फाटले. १७७५ मध्ये ऑस्ट्रियाने उत्तरेचा बुकोविना घेतला, आणि त्यात जुनी राजधानी सुचावा व राजाची समाधी असलेला पुत्ना मठ दोन्ही गेले. १८१२ मध्ये रशियाने प्रुत नदीपलीकडचा भाग घेतला. उरलेला तुकडा, याश ज्याची राजधानी, तो १८५९ मध्ये दक्षिणेच्या वालाखिया राज्याशी जोडला गेला आणि त्यातून आजचा रोमानिया घडला. तीन सरकारांखाली विभागलेल्या लोकांना सामायिक असे जे थोडे उरले त्यात हा राजा होता. म्हणून १८७१ मध्ये पुत्ना मठाला चारशे वर्षे झाल्याचे निमित्त साधून रोमानियन विद्यार्थी ऑस्ट्रियाच्या हद्दीतल्या त्या मठात जमले. आयोजकांत एमिनेस्कू होता, जो पुढे रोमानियन भाषेचा सर्वात मोठा कवी ठरला. १८८३ मध्ये याशला राजवाड्यासमोर राजाचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. पॅरिसमधला जोन ऑफ आर्कचा सोनेरी पुतळा घडवणाऱ्या फ्रेमिएचेच हे काम. त्याच प्रसंगासाठी एमिनेस्कूने लिहिलेल्या कवितेत राजाला समाधीतून उठण्याची हाक आहे. याशला गेलात तर या पुतळ्यापासून युनिरी चौकापर्यंत चालत जा. तो रस्ताही त्याच्याच नावाचा आहे आणि वाटेत त्रेइ येरार्ख चर्चच्या बाहेरच्या भिंतीवरचे दगडी कोरीवकाम पाहण्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवा.

सुचावाचे पटकन सांगतो. तिथले 'श्तेफान चेल मारे' महाविद्यालय खरे तर शाळा आहे, ऑस्ट्रियाच्या काळात १८६० मध्ये सुरू झालेली. राजाचे नाव तिला ऑस्ट्रिया गेल्यावर मिळाले. विद्यापीठाची सुरुवात १९६३ च्या अध्यापन संस्थेतून झाली, आणि १९९० मध्ये, कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर, ते विद्यापीठ झाले. किल्ल्याजवळचा भव्य पुतळा १९७७ चा. विमानतळ शहराबाहेर साल्चा गावापाशी आहे. तुमचा भाचा ज्या सिरेतहून आला ते इथून उत्तरेला साधारण ४० किलोमीटर, म्हणजे तो सगळा प्रवास या राजाच्या जुन्या मुलखातूनच झाला.

बुखारेस्टचे स्थानक मला फार अर्थपूर्ण वाटते. हे शहर श्तेफानचे कधीच नव्हते. ते वालाखियाचे, आणि वालाखियाशी त्याचे वैर होते. नोव्हेंबर १४७३ मध्ये तो सैन्य घेऊन तिथे घुसला, शहर घेतले, तिथला राजा रादू पळाला, आणि रादूची राणी व मुलगी श्तेफानच्या हाती लागल्या. त्या मुलीशी, मारिया व्होइकित्साशी, त्याने पुढे लग्न केले. ज्या शहरावर तो चालून गेला, त्या शहरात आज त्याच्या नावाचा हमरस्ता आहे आणि १९८९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेले मेट्रो स्थानकही. चाउशेस्कूच्या राजवटीने मध्ययुगीन राजांना राष्ट्रीय ऐक्याची साखळी म्हणून सतत पुढे केले. त्या साखळीत राजे एकमेकांशी लढले होते हे मागे पडले. स्थानक गाठायचे असेल तर एम-१ मार्गावर ओबोर आणि पियात्सा व्हिक्टोरिये यांच्या मधे उतरा.

गावांची गोष्टही अशीच. रोमानियात 'श्तेफान चेल मारे' नावाच्या ग्रामपंचायती सहा जिल्ह्यांत आहेत: बाकाऊ, न्याम्त्स, वास्लुई, आर्जेश, ओल्त आणि कालाराश. पहिले तीन जिल्हे त्याच्या राज्यातले, उरलेले तीन वालाखियाचे. गाडीच्या नकाशात नुसते नाव टाकू नका, जिल्ह्याचे नाव जोडा, नाहीतर मठाऐवजी दक्षिणेच्या मैदानात मक्याच्या शेतात पोचाल. कालाराशमध्ये शेजारी आणखी एक 'श्तेफान वोदा' ('वोदा' म्हणजे राजा) आहे, तोही वेगळा.

आणि या 'श्तेफान वोदा'वरूनच प्रुत ओलांडून मोल्दोव्हा प्रजासत्ताकात जाऊ, कारण तिथे नावाची लढाई खरी झाली. आग्नेय कोपऱ्यात या नावाचे एक जिल्ह्याचे गाव आहे. सोव्हिएत काळात ते सुवोरोवो होते, तुर्कांकडून इझ्माईल जिंकणाऱ्या रशियन सेनापतीच्या नावाने. १९९० मध्ये सेनापती गेला, राजा आला. त्याच वर्षी किशिनाऊचा मुख्य रस्ता बदलला. झारच्या काळात तो अलेक्सांद्रोव्हस्काया होता, सोव्हिएत काळात लेनिनचा, आणि आता श्तेफानचा. भारतीय विद्यार्थी जिथे वैद्यकीय शिक्षण घेतात ते किशिनाऊचे वैद्यकीय विद्यापीठ याच रस्त्यावर, १६५ क्रमांकाला आहे, तेव्हा तुमच्या ओळखीत कोणी तिथे शिकत असेल तर हा पत्ता त्यांना पाठ असेल.

रस्त्याच्या मध्यावर, बागेच्या तोंडाशी, शिल्पकार प्लामादियालाने घडवलेला श्तेफानचा पुतळा आहे: हातात उंच धरलेला क्रूस, दुसऱ्या हातात तलवार. १९२८ मध्ये तो बसवला तेव्हा हा भाग रोमानियात होता. १९४० मध्ये सोव्हिएत फौजा येताहेत म्हणताच तो उचलून वास्लुईला नेला. १९४२ मध्ये परत आणला. १९४४ मध्ये पुन्हा उचलला, या वेळी थेट क्रायोव्हापर्यंत, आणि युद्धानंतर सोव्हिएत अधिकाऱ्यांनी तो परत मागवला. त्यांनी तो वितळवला नाही, हे लक्षात घ्या. श्तेफानची मुलगी एलेना मॉस्कोच्या राजघराण्यात दिलेली होती, आणि ही सोयरीक सोव्हिएत इतिहासाला सोयीची होती. पण १९७२ मध्ये पुतळा हळूच १८ मीटर मागे, बागेत सरकवला गेला, म्हणजे लोकांनी त्याच्या पायाशी जमू नये. १९८९ मध्ये स्थानिक भाषेला राजभाषेचा दर्जा मिळवण्याची चळवळ उभी राहिली तेव्हा लोक तिथेच जमले आणि त्या दोन वर्षांतच तो जुन्या जागी परतला. आजही निदर्शने, फुले, शपथा, सगळे तिथेच. बागेचे नाव एकेकाळी पुष्किन पार्क होते. पुष्किनचा १८८५ चा अर्धपुतळा अजून आतल्या बाजूला आहे, तोही बघा.

पैसे बदलून घ्याल तेव्हा तोच चेहरा हातात येईल. १९९३ पासून चालणाऱ्या लेऊ या मोल्दोव्हाच्या चलनाच्या प्रत्येक नोटेवर, १ लेऊपासून १००० लेऊपर्यंत, पुढच्या बाजूला श्तेफान आहे. मागे जागा बदलतात: २० च्या नोटेवर सोरोकाचा किल्ला, १०० वर तिघिनाचा. तो तिघिनाचा किल्ला आज मोल्दोव्हापासून फुटून निघालेल्या ट्रान्सनिस्ट्रियाच्या ताब्यात आहे, म्हणजे देशाच्या नोटेवर अशी जागा आहे जिथे देशाचे सरकार चालत नाही. पोलीस अकादमीला, सैन्याच्या एका ब्रिगेडला आणि एका सन्मानपदकालाही त्याचेच नाव. आपण रोमानियनच आहोत म्हणणारे आणि आपण वेगळे मोल्दोव्हन आहोत म्हणणारे, दोघेही त्याला आपला म्हणतात. तिथल्या कोणाशी गप्पा मारताना याबद्दल बाजू घेऊ नका, ऐकून घ्या.

पाट्या वाचताना एक खूण उपयोगी पडेल. काही ठिकाणी नावापुढे 'शि स्फंत', म्हणजे 'आणि संत', जोडलेले दिसेल. रोमानियन ऑर्थोडॉक्स चर्चने त्याला १९९२ मध्ये संत म्हणून मान्यता दिली, तेव्हा ही पाटी त्यानंतरची. याशचा आणि किशिनाऊचा रस्ता आता अधिकृतपणे असेच लिहितात. मेट्रो स्थानक जुने, म्हणून तिथे तो फक्त थोर आहे.

एवढी नावे इतरांनी लावली, पण स्वतः लावलेले नाव बघायचे असेल तर न्याम्त्स जिल्ह्यातल्या राझ्बोयेनीला जा. जिथे तो १४७६ मध्ये हरला तिथे त्याने वीस वर्षांनी, १४९६ मध्ये, मृत सैनिकांसाठी चर्च बांधले आणि दगडावर स्पष्ट कोरवले की इथे आपला पराभव झाला आणि मोल्दोव्हाचे असंख्य योद्धे पडले. पराभवाची अशी कबुली राजाच्या शिलालेखात मी दुसरीकडे वाचलेली नाही. बहुतेक सहली ही जागा वगळून थेट वोरोनेत्स मठाच्या निळ्या भित्तिचित्रांकडे जातात. वोरोनेत्स बघाच. १४८८ मध्ये अवघ्या चार महिन्यांच्या आत त्याने ते बांधून घेतले, बाहेरची चित्रे मात्र त्याच्या मृत्यूनंतरची. पण राझ्बोयेनीसाठी अर्धा दिवस काढा.

तारखा अजून ठरल्या नसतील तर २ जुलै ध्यानात ठेवा. तो त्याचा मृत्युदिन आणि आता संत म्हणून सणाचा दिवस. पुत्ना मठात त्या दिवशी प्रचंड गर्दी असते. सोहळा बघायचा असेल तर मुक्काम खूप आधी ठरवा, आणि समाधीपाशी निवांत उभे राहायचे असेल तर तो आठवडा टाळा.